आकाशवाणीच्या सुरावटीमागील संगीतशिक्षक

आकाशवाणीची सभा सुरू होण्यापूर्वी तंबोऱ्याच्या नादावर व्हायोलिनची जी सुरावट ऐकू येते, ती ऐकली नाही असे मराठी घर ग्वाल्हेरात क्वचितच सापडेल. सा, रे, कोमल गंधार, पंचम आणि धैवत एवढ्याच स्वरांचा हा खेळ. शिवरंजनी रागाची छाया त्यात स्पष्ट दिसते. ही सुरावट १९३६ च्या सुमाराची असून तिचे श्रेय वॉल्टर कॉफमन या यहुदी संगीतकारास दिले जाते. व्हायोलिन वाजविले ते मेहली मेहता यांनी, असे सांगतात.

कॉफमन यांचा जन्म १९०७ साली बोहेमियातील कार्ल्सबाद या उष्ण झऱ्यांच्या गावी झाला. बर्लिनमध्ये त्यांनी संगीतरचनेचे शिक्षण घेतले व प्रागच्या जर्मन विद्यापीठात संगीतशास्त्राचा प्रबंध सिद्ध केला. परंतु आपले मार्गदर्शक प्राध्यापक नात्सी चळवळीचे पुढारी आहेत हे कळताच त्यांनी डॉक्टरची पदवीच नाकारली. वर्षानुवर्षांच्या श्रमांचे फळ हातातोंडाशी आले असता ते असे सोडून देणे सोपे नसते, हे परीक्षेला बसणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांस वेगळे सांगावयास नको.

१९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली व यहुदी कलावंतांना तेथे काम मिळेनासे झाले. १९३४ मध्ये कॉफमन मुंबईस आले. भारतीय संगीताच्या तबकड्या त्यांनी पूर्वी ऐकल्या होत्या, पण ते संगीत त्यांना मुळीच उमगले नव्हते. ज्या संगीतावर लक्षावधी माणसे प्रेम करतात, ते आपणास कळत नसेल तर उणीव आपलीच, अशी त्यांची धारणा होती. परक्या विद्येकडे पाहण्याची ही दृष्टी मला त्यांच्या सुरावटीहूनही मोलाची वाटते.

मुंबईत त्यांनी चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली. १९३७ पासून १९४६ पर्यंत ते नभोवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. त्या काळी मुंबईच्या वाद्यवृंदांत आमच्या गोव्याकडील वादकांचा मोठा भरणा असे, हे येथे जाता जाता सांगितले पाहिजे.

इकडे आपल्या पडाव वस्तीच्या नावाप्रमाणे मुंबई हा त्यांचा बारा वर्षांचा पडाव ठरला. तिकडे मात्र मागे राहिलेल्यांचा सर्वनाश चालला होता. त्यांच्या पत्नी गर्टी या विख्यात लेखक फ्रान्त्स काफ्का यांच्या भाची. गर्टींच्या मातोश्री एली यांना १९४१ मध्ये प्रागहून पोलंडमधील लोद्झच्या कोंडवाड्यात नेण्यात आले. तेथून त्या परतल्या नाहीत. काफ्कांच्या तिन्ही बहिणींचा अंत असाच झाला. व्हिक्टर उलमान, पावेल हास आणि हान्स क्रासा हे त्याच देशातील संगीतकार प्रथम तेरेझीनच्या छावणीत होते. ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांना आउश्वित्सला नेऊन विषारी वायूने ठार करण्यात आले. कॉफमन त्यांच्याच पिढीचे होते. ते मुंबईस आले नसते तर त्यांचे नावही बहुधा याच यादीत आले असते.

१९४६ मध्ये कॉफमन यांनी भारत सोडला. इंग्लंडमार्गे ते कॅनडात गेले; हॅलिफॅक्सच्या संगीतविद्यालयात त्यांनी अध्यापन केले, विनिपेगचा वाद्यवृंद नावारूपास आणला. १९५७ पासून अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात ते संगीतशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९८४ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

१९६८ साली त्यांचा उत्तर भारतीय रागांवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील रागांची मांडणी पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या दहा थाटांनुसार आहे. हेच भातखंडे १९१८ साली आपल्या ग्वाल्हेरात माधव संगीत महाविद्यालयाच्या स्थापनेस मार्गदर्शक होते. लष्करातील मुले जे थाट घोकीत होती, तेच हे कार्ल्सबादचे गुरुजी इंडियानातील विद्यार्थ्यांस समजावून देत होते.