दृष्टिहीन विद्यार्थी व चित्रफितीचा पाठ
अलिबागच्या कुलाबा किल्ल्याजवळील भरती-ओहोटीचे दृश्य चित्रफितीत नुसत्या संगीतासह दाखविल्यास अंध विद्यार्थ्यास त्यातून काहीच बोध होत नाही. “ओहोटीस किल्ल्यापर्यंत पायी जाता येते, भरतीस त्याभोवती पाणी पसरते,” एवढे निवेदन जोडले की तो पाठ त्याचाही होतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये अशा ध्वनिवर्णनाची तरतूद आहे. ‘हे पाहा’ एवढेच न म्हणता वस्तूचे नाव, स्थान व हालचाल सांगावी. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवावा. अल्पदृष्टी विद्यार्थ्यांसाठी अक्षरे मोठी, ठळक व पार्श्वभूमीवर उठून दिसणारी असावीत. चित्रफीत आंतरजालावर ठेवण्यापूर्वी शिक्षकांनी ती एकदा डोळे मिटून ऐकावी. जेथे अर्थ तुटेल, तेथे वर्णन घालावे.