वारेत बापाचाही वाटा



गाय व्याली की वार पडेपर्यंत आपण गोठा सोडत नाही. वळू कुणाचा, त्याचा खुराक काय, हेही विचारून घेतो. उसाची लावण करायची तर बेणं नऊ-दहा महिन्यांचं आणि निरोगी मळ्यातलंच लागतं. पण घरात सुनेचा गर्भ टिकला नाही किंवा बाळ अशक्त निपजलं, की बोट तिच्याकडेच. मुलगा काय खात होता, हे कोणी विचारल्याचं आम्ही तरी ऐकलेलं नाही.

आपल्यापैकी कितीतरी जणांची मुलं घाटकोपर, मुलुंड, अंधेरीकडे नोकरीला आहेत. तिघाचौघांत एक खोली, सकाळी लोकलची घाई, दुपारी वडापाव, रात्री पाळी सुटल्यावर मिळेल ते. वर तंबाखूची पुडी, ती वेगळीच. लग्नापुरतं गावी यायचं नि आठवड्यानं जोडीनं परत.

वार ही आईचीच, असा आपला समज. पण बाळ नि वारेचा मुख्य भाग एकाच रुजलेल्या बीजातून घडतात, म्हणजे त्यात निम्मा वारसा बापाचा. 1984 साली केंब्रिजला अझीम सुरानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या गर्भात केवळ बापाकडचा वारसा ठेवून पाहिला. वारेचा भाग बरा वाढला, पिल्लू मात्र खुरटलं. केवळ आईकडचा ठेवला तेव्हा उलटं झालं.

पुढं 2013 मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी नर उंदरांना फोलेट कमी असलेलं खाणं दिलं. फोलेट म्हणजे पालेभाज्या-कडधान्यांतलं जीवनसत्त्व. माद्यांचं खाणं चांगलं होतं. तरी पिल्लांत व्यंगं जास्त निघाली, वारेतल्या अनेक जनुकांचं काम बदललेलं दिसलं. माणसांत इतकं पक्कं अजून सिद्ध झालेलं नाही, हे सांगितलंच पाहिजे.

खुद्द मुंबईत 2006 ते 2012 या काळात 'सरस' नावाचा प्रयोग झाला. झोपडपट्टीतल्या साडेसहा हजार बायका त्यात होत्या. निम्म्यांना गर्भ राहण्याआधीपासून पालेभाजी, फळं व दुधाचा पदार्थ रोज दिला. एकूण हिशेबात बाळाच्या वजनात फरक नाही. पण तीन महिने वा अधिक आधी सुरुवात झालेल्यांत सरासरी 48 ग्रॅमची वाढ दिसली. पदार्थ बायकांनाच होता. नवऱ्यांचं खाणं या हिशेबात आलंच नाही!

म्हणून औषधाच्या दुकानाकडे पळू नका. अमेरिकेत दोन हजारांवर पुरुषांना सहा महिने फॉलिक ॲसिड नि जस्ताच्या गोळ्या देऊन पाहिल्या. 2020 च्या अहवालानुसार ना वीर्य सुधारलं, ना मुलं जास्त झाली. पुरुषबीज तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. तेव्हा सुपारी फुटली की मुलाला खोलीवर चांगला डबा लावून द्यावा. मटकी, हुलगे, शेंगदाणे आपण एरवी धाडतोच, ते तेव्हापासूनच धाडावेत. आणि दवाखान्यात जायची वेळ आली तर दोघांनी मिळून जावं. तपासणी मुलाचीही होते.