हार्वर्डचं ‘हाऊस’ : शेजारी कोण, हे चिठ्ठी ठरवते!

मुलं परगावी शिकायला निघाली की घरात आधी तीनच प्रश्न निघतात : राहायचं कुठे, जेवायचं काय आणि सोबत कोण? अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात यातल्या तिसऱ्या प्रश्नावर बरीच वर्षं वाद झाला.

हाऊस म्हणजे नेमकं काय?

पदवीचे विद्यार्थी पहिल्या वर्षी मुख्य आवारातल्या वसतिगृहांत राहतात. पुढची तीन वर्षं बहुतेकांचा मुक्काम 12 पैकी एका हाऊसमध्ये असतो. नऊ हाऊस चार्ल्स नदीच्या बाजूला आहेत, तीन थोडी लांब. प्रत्येकाची मेस वेगळी, वाचनालय वेगळं. हाऊसचे प्रमुख प्राध्यापक कुटुंबासह तिथेच राहतात. मार्गदर्शक ट्यूटरही त्याच इमारतीत. त्यामुळे रात्री काही अडलं तर दार वाजवायला कुणीतरी असतं.

निवड कशी होते?

जास्तीत जास्त आठ मित्र-मैत्रिणींना गट करून सोबत राहता येतं. पण हाऊस कुठलं, ते सोडत ठरवते. मार्चमध्ये एका सकाळी हाऊसमधली जुनी मुलं आरडाओरडा करत येतात आणि दार ठोठावून निकाल सांगतात.

सोडत का आली?

1996 पूर्वी पसंतीला वाव होता. मग एका हाऊसवर खेळाडूंचा शिक्का, दुसऱ्यावर कलाकारांचा, तिसऱ्यावर बड्या घरच्या मुलांचा. ही कप्पेबंदी मोडायची म्हणून सोडत आली. विरोधही झाला. संख्येने कमी असलेल्या समाजांची मुलं विखुरली तर एकटी पडतील, असं टीकाकारांचं म्हणणं होतं.

मूळ हेतू तोच

पहिली हाऊस 1930 मध्ये उघडली. पैसा एडवर्ड हार्कनेस या दानशूराचा, कल्पना अध्यक्ष ॲबट लॉरेन्स लॉवेल यांची. तेव्हा श्रीमंतांची मुलं महागड्या खासगी इमारतींत राहायची. सगळ्यांनी एका छताखाली यावं, असं लॉवेल म्हणत. पण याच लॉवेल यांनी 1922 मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षाच्या वसतिगृहांत जागा नाकारली होती. पुढच्याच वर्षी विद्यापीठाच्या नियामक मंडळांनी तो निर्णय फिरवला.

म्हणून वसतिगृह कुठलंही असो, खोली आणि मेस बघून झाली की आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी : इथे खोल्या कुणाला, कशा वाटतात?