मधमाशीचा वैद्य कोण?

एखादा विषय नेमका कोणत्या खात्याचा, हे ठरले नाही की त्याची काय गत होते, याचा अनुभव सरकारी सेवेत मी पुष्कळ घेतला. मधमाशी हे त्याचे बोलके उदाहरण. राष्ट्रीय मधमाशी मंडळ कृषी मंत्रालयाकडे, पेट्या वाटणारा खादी व ग्रामोद्योग आयोग लघुउद्योग मंत्रालयाकडे आणि तिच्या रोगांचा कायदा पशुसंवर्धन खात्याकडे. मग माशी आजारी पडल्यास मधपाळाने दार कोणाचे ठोठवावे?

प्रश्न काल्पनिक नाही. थायलंडमध्ये आढळलेला ‘थाई सॅकब्रूड’ हा विषाणूजन्य रोग १९७८ मध्ये ईशान्य भारतात पोहोचला. यात अळीचा कोष होत नाही; ती द्रवाने भरलेल्या पिशवीसारखी फुगून कप्प्यातच मरते. नवी पिढी खुंटते आणि वसाहत ओसरते. १९९१-९२ मध्ये हा रोग केरळसह दक्षिणेत पसरला, तेव्हा आपल्या सातेरी माशीच्या बहुतांश पाळीव वसाहती नष्ट झाल्या आणि हजारो कुटुंबांचा जोडधंदा बुडाला.

या विषाणूची ओळख पटली, ती एका चिकाटीच्या आयुष्यामुळे. इंग्लंडमधील रॉथॅम्स्टेड संशोधन केंद्रात लेस्ली बेली यांनी मधमाश्यांच्या रोगांचाच ध्यास घेतला. सॅकब्रूडचा विषाणू त्यांनी व सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये वेगळा करून दाखवला आणि १९८२ मध्ये आशियाई माशीतील त्याचा निराळा प्रकारही. आपल्याकडे कृषी विद्यापीठांतील कीटकशास्त्रज्ञांनी मोलाचे काम केले. परंतु रोगनिदान व औषधयोजना हे ज्याचे शास्त्र, तो पशुवैद्य पोळ्यापासून दूरच राहिला.

वास्तविक २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याने मधमाशीच्या रोगांना गुरांच्या रोगांच्या पंगतीला बसवले आहे. मात्र ती यादी आंतरराष्ट्रीय यादीच्या धर्तीची. ज्या रोगाने सातेरीचा संहार केला, तो तीत नाही.

वैद्य नसला की अंदाजाने औषध दिले जाते. विषाणूवर प्रतिजैविके चालत नाहीत. त्यांचे अवशेष मात्र मधात उरतात. २०१० मध्ये युरोपीय संघाने भारतीय मधाची आयात रोखली, त्यामागे हेही एक कारण होते. अमेरिकेत २०१७ पासून पोळ्यात अशी औषधे वापरण्यास पशुवैद्याची चिठ्ठी लागते; परिणामी तेथील पशुवैद्यांना मधमाशी शिकावी लागली.

मधमाशी अभियानासाठी केंद्राने ५०० कोटी रुपये मंजूर केले. त्यातून पेट्या वाढतील. पण हिवाळ्यात पंजाब-हरियाणातून राजस्थानच्या मोहरीकडे ट्रकभर पेट्या निघतात, तेव्हा त्यांच्यासोबत रोगही प्रवास करतात. म्हणून पशुवैद्यक पदवीत मधमाशीचे रोग शिकवावेत, थाई सॅकब्रूड कायद्याच्या यादीत यावा आणि मधपाळाला एकच दार दाखवावे. मोहरी, सफरचंद, सूर्यफूल यांच्या परागीभवनाचा भार वाहणाऱ्या या जिवाला वैद्य मिळणे, हे उपकार नव्हेत. ती शेतीचीच गरज आहे.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)