बमरोलीचा टेम्पो आणि सॉर्टिंगची युक्ती

सुरतच्या बमरोलीत लूमची खाती दाटीवाटीने उभी आहेत. तिथून ग्रे कापड टेम्पोतून पांडेसऱ्याच्या मिलमध्ये किंवा रिंग रोडच्या मार्केटात जातं. खानदेशातून येऊन तिथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबंही पुष्कळ आहेत. समजा, अशाच एका भाऊंकडे एकच टेम्पो आहे आणि प्रत्येक फेरीचं भाडं सारखंच. म्हणजे जितक्या फेऱ्या, तितकी कमाई. आज सहा मागण्या आल्यात (भरणं, उतरवणं, परतणं धरून):

क : ७ ते १२
ख : ८ ते ९.३०
ग : ९ ते १०
घ : १० ते ११.३०
च : ११ ते १
छ : १२ ते २

कोणत्या घ्यायच्या?

‘जी आधी सुरू होते ती घ्या’ म्हटलं, तर क आणि छ, फक्त दोनच. मग सगळ्यात छोटी फेरी आधी घ्यावी? तेही फसतं. ८ ते ११, १०.३० ते ११.३० आणि ११ ते २ अशा तीन मागण्या असतील, तर मधली छोटी फेरी दोन्ही बाजूंच्या फेऱ्या बुडवते.

खरी युक्ती अशी : संपण्याच्या वेळेनुसार सॉर्ट करा. यादी होते ख, ग, घ, क, च, छ. पहिली घ्या. पुढची फेरी आधीची संपल्यावर सुरू होत असेल तर घ्या, नाहीतर सोडा. हाती येतात ख, घ, छ. तीन फेऱ्या!

हे नेहमी बरोबर का येतं? कुणीही केलेली सर्वोत्तम निवड घ्या. तिच्यातली पहिली फेरी काढून तिथे सगळ्यात लवकर संपणारी ठेवा. ती आधीच्यापेक्षा उशिरा संपत नाही, म्हणून पुढची एकही फेरी अडत नाही. संख्या तेवढीच राहते. पुढच्या प्रत्येक पायरीला हाच युक्तिवाद लागू पडतो.

मागण्या २० असल्या, तर सगळे गट तपासायला १०,४८,५७६ शक्यता पाहाव्या लागतील. इथे एकदा सॉर्टिंग आणि यादीवरून एकच फेरफटका, बस्स. पायथॉनमध्ये सॉर्टची ‘की’ म्हणून शेवटची वेळ द्यायची, एवढंच.

पण एक लक्षात ठेवा : भाडी वेगवेगळी असतील, तर ही युक्ती चालत नाही. ‘क’ लांबची फेरी असून तिचं भाडं ख आणि घ यांच्या बेरजेपेक्षा जास्त असेल, तर त्या दोन्हींऐवजी ‘क’ घेणंच फायद्याचं. तिथे डायनॅमिक प्रोग्रॅमिंग लागतं. म्हणून कोड लिहिण्याआधी विचारा : आपल्याला वाढवायचंय काय, फेऱ्या की रुपये?