थिजलेला मध आणि मधाचे विरजण

रोश हशानासाठी आणलेल्या मधाची अर्धी बरणी पुष्कळ घरांत फळीवर उरते आणि हिवाळा आला की थिजून पांढुरकी होते. गेल्या हिवाळ्यात आमच्या घरीही असेच झाले. मधात चमचा शिरेना. सासूबाईंनी बरणी उजेडात धरून पाहिली आणि निर्वाळा दिला, “सूनबाई, यात साखर घातली आहे. त्या माणसाने आपल्याला फसविले.” ज्यांच्याकडून आम्ही वर्षानुवर्षे मध घेत आलो, ज्यांच्या घरी आजोबांपासून मधमाश्या पाळल्या जातात, त्या मधपाळांविषयी असा संशय यावा, याचे मला वाईट वाटले. बरणी घेऊन मी त्यांच्याकडे गेले.

त्यांना मुळीच नवल वाटले नाही. दर हिवाळ्यात अशा बरण्या परत येतात, आणि काही गिऱ्हाइके तर न बोलताच तुटतात, असे ते म्हणाले.

सासूबाईंचा संशय समजण्यासारखा होता. त्यांचे बालपण कोकणात गेले. तेथील उष्ण हवेत मध बहुधा पातळच राहतो. परंतु थिजणे हा मधाचा दोष नव्हे, धर्म आहे. मधात साधारणतः 38 टक्के फलशर्करा, 31 टक्के द्राक्षशर्करा आणि 17 टक्के पाणी असते. एवढ्या थोड्या पाण्यात द्राक्षशर्करा विरघळून राहू शकत नाही. थंडी पडताच तिचे कण धरू लागतात. कण थोडे असून सावकाश वाढले तर मध खरखरीत होतो. असंख्य बारीक कण एकदम धरले तर तोच मध लोण्यासारखा मऊ होतो. थिजला म्हणून मध अशुद्ध ठरत नाही, आणि पातळ राहिला म्हणून शुद्धही ठरत नाही.

या मऊ मधाला क्रीम मध म्हणतात. त्याची शास्त्रशुद्ध कृती कॅनडातील संशोधक एल्टन डाइस यांनी बसविली. कण वेगळे झाले की उरलेल्या पातळ भागात पाण्याचे प्रमाण वाढते, तेथे यीस्ट वाढते आणि मध आंबतो. म्हणून डाइस यांनी मध गाळून 66 अंश सेल्सिअसपर्यंत तापविला, त्वरित 24 अंशांपर्यंत निवविला, त्यात बारीक कणांचा तयार मध शेकडा 5 ते 10 या प्रमाणात मिसळला आणि तो सुमारे 14 अंशांत ठेविला. आठवड्याभरात मध मऊसूत थिजला. 1935 साली या कृतीचे अमेरिकन पेटंट मिळाले.

हे ऐकून मी म्हटले, “हे तर आमचे विरजण!” मधपाळांनी आतून एक लहान बरणी आणून दाखविली. त्यांचे वडील दरवर्षी उत्तम मधातून अशी एक बरणी पुढील वर्षासाठी राखीत. वडील गेले, बरणीची रीत चालू आहे.

या भूमीत मधाची परंपरा फार जुनी. बेथ शआन खोऱ्यातील तेल रेहोव येथे 2007 साली मातीच्या नळकांड्यांसारखी, सुमारे 3000 वर्षांपूर्वीची मधमाश्यांची घरे सापडली. अलीकडच्या काळात, 1880 च्या सुमारास, आल्सेसहून आलेल्या बाल्डेन्स्पर्गर कुटुंबाने येथे हलत्या चौकटींच्या पेट्या आणल्या. उंटांच्या पाठीवर त्या लादून ते फुलांच्या बहरामागे फिरत.

घरी करून पाहावयाचे असल्यास नऊ भाग पातळ मधात एक भाग मऊ क्रीम मध घालावा. फेस न येईल अशा बेताने सावकाश ढवळून, घट्ट झाकण लावून, बरणी थंड खोलीत एक-दोन आठवडे ठेवावी. फ्रिज त्यासाठी फार थंड पडतो. विरजण खरखरीत असेल तर सर्व मध खरखरीत होतो, हे ध्यानात असावे. एक वर्षाच्या आतील बाळाला मात्र कोणताही मध देऊ नये.

आमची ती बरणी कोमट पाण्यात ठेवून पातळ केली आणि मधपाळांनी दिलेले दोन चमचे विरजण तिला लावले. बाराव्या दिवशी सासूबाईंनी तो मध पावाला लावून खाल्ला. त्या काही बोलल्या नाहीत; पण बरणी संपत आली तेव्हा दोन चमचे मध त्यांनी स्वतःच वाटीत काढून ठेविला, आणि नव्याच्या सणाचा मध त्याच घरून आणावयाचा, असे मला बजाविले.