चालकाच्या छातीसाठी पंधरा मिनिटे

ज्या घरात टॅक्सी आहे, त्या घरात गाडीची काळजी सगळेच घेतात. इंजिनचे ऑइल कधी बदलले, टायरमध्ये हवा किती, ब्रेक कसा लागतो, हे लहान पोरांनाही ठाऊक असते. पण घरचा कर्ता माणूस दहा-दहा, बारा-बारा तास त्या गाडीत बसून कोणती हवा छातीत घेतो, हे कोणी विचारीत नाही.

मुंबईची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. तिच्यात काचा खाली असत आणि धूर सरळ नाकात जाई. आता काचा बंद, एसी चालू. म्हणून आपण निर्धास्त होतो. परंतु एसीची हवा ज्या घडीदार कागदी जाळीतून गाळून येते, ती जाळीच मातीने भरली असेल तर? या जाळीला केबिन एअर फिल्टर म्हणतात. इंजिनचा एअर फिल्टर वेगळा. तो इंजिनसाठी, हा माणसासाठी.

ब्लोअर जोरात फिरूनही हवा कमी येते, एसी लावताच कुबट वास येतो, पावसात काचेवरची वाफ लवकर जात नाही, अशी लक्षणे दिसली की फिल्टर उघडून पाहावा. साधारणपणे वर्षातून एकदा तो बदलतात. धुळीच्या रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीचा त्याआधीच बदलावा. पावसाळा संपल्यावरची वेळ चांगली, कारण ओल धरलेल्या फिल्टरमध्ये बुरशी वाढते.

हे काम घरी होते. गाडीचे मॉडेल व साल सांगून दुकानातून फिल्टर आणावा. इंजिन बंद करून चावी काढावी. नाकाला रुमाल बांधावा. बहुतेक गाड्यांत फिल्टर डाव्या सीटपुढच्या कप्प्यामागे असतो. कप्पा रिकामा करावा. त्याच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली झुकतो. काही गाड्यांत बाजूला दोरी किंवा दांडी असते, ती आधी सोडवावी. मागे चपटे आडवे झाकण दिसेल. त्याच्या खिट्ट्या दाबून ते काढावे आणि फिल्टर हळूच ओढावा.

ओढताना त्यावरचा बाण कोणत्या दिशेला आहे ते पाहून ठेवावे. मोबाइलवर फोटो काढला तर उत्तम. खाचेतील पाने, माती ओल्या फडक्याने पुसावी. नवा फिल्टर त्याच दिशेने बसवून झाकण ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबावे. मग ब्लोअर चालवून पाहावा.

जुना फिल्टर घरात, मुलांजवळ झटकू नये. पैसे वाचवण्यासाठी कागदी फिल्टर धुऊन पुन्हा लावू नये. पाण्याने त्याचे तंतू खराब होतात आणि बारीक धूळ आरपार जाते. काही स्वस्त व जुन्या गाड्यांत हा फिल्टर नसतोच. कुठे खाच असते, पण आत काही नसते. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत पाहावे किंवा दुकानदाराला विचारावे.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी. फिल्टर नवा असला तरी कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू त्यात अडत नाही. त्याला रंग नाही, वास नाही. भाड्याची वाट पाहताना इंजिन व एसी चालू ठेवून, काचा लावून झोपणे जिवावर बेतू शकते. झोप अनावर झाली तर इंजिन बंद करून, काचा थोड्या खाली घेऊनच पडावे. ही गोष्ट घरातील मंडळींनी कर्त्या माणसाला पुन्हा पुन्हा सांगावी.

फिल्टरला काही शे रुपये लागतात. हाताशी मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही हे काम शिकवावे. येत्या सुट्टीच्या सकाळी चहा झाला की गाडीचा कप्पा उघडा. गाडी घर चालवते हे खरे, पण ती चालवणाऱ्याचा श्वास आधी सांभाळला पाहिजे.